नाव विकावे की नांदते करावे?

इंटरनेटवरील एखादे सुटसुटीत आणि अर्थवाही नाव इतरांचे लक्ष जाण्यापूर्वीच ज्याने आपल्याकडे नोंदवून ठेवले, त्याच्यापुढे आज ना उद्या हा प्रश्न उभा राहतोच, की योग्य गिऱ्हाईक पाहून ते विकून मोकळे व्हावे, की त्यावर स्वतः वेबसाइट उभारून ते नांदते करावे. हा प्रश्न आता केवळ संगणकाच्या व्यवसायातील लोकांचा राहिलेला नाही. बँकेत नोकरी करणारे गृहस्थ, महाविद्यालयातील विद्यार्थी, निवृत्तीनंतर काही उद्योग शोधणारे शिक्षक असे अनेक जण हौसेने, आणि पुढेमागे चार पैसे सुटतील या आशेने, दहा-वीस डोमेन घेऊन बसलेले माझ्या पाहण्यात आहेत. त्यांतील बहुतेकांनी ना विक्रीचा निश्चय केलेला असतो, ना बांधणीचा. दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या म्हणजे आपण शहाणपणाने वागलो, अशी त्यांची समजूत असते; आणि माझ्या मते त्यांच्या नुकसानीचे मूळ नेमके या समजुतीतच आहे.

याचे कारण डोमेनवरील हक्काच्या स्वरूपात सापडते. बोलताना आपण ‘माझ्या मालकीचे डोमेन’ असे सर्रास म्हणतो; परंतु नोंदणीचा करारनामा बारकाईने वाचला, तर हाती येतो तो मुदतीचा पट्टा असतो, हे ध्यानात येते. डॉट कॉमच्या बाबतीत ही मुदत एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची असते, ती भरताच नूतनीकरणाचा आकार भरावा लागतो, आणि त्यात कसूर झाली तर काही आठवड्यांतच ते नाव पुन्हा साऱ्या जगाला खुले होते. प्रारंभी व्यवस्था इतकी काटेकोर नव्हती. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावांच्या या पद्धतीचा आराखडा सिद्ध केला, १५ मार्च १९८५ रोजी ‘सिम्बॉलिक्स डॉट कॉम’ हे डॉट कॉममधील पहिले नाव नोंदले गेले, आणि पुढे दहा वर्षे नोंदणीला एक पैसाही पडत नसे. दोन वर्षांसाठी १०० डॉलर हा आकार प्रथम सुरू झाला तो १९९५ च्या सप्टेंबरात. त्या आरंभीच्या काळात ज्यांनी साधे इंग्रजी शब्द नोंदवून ठेवले, त्यांना वाट पाहणे परवडले, कारण वाट पाहण्याला खर्चच नव्हता. आज डॉट कॉमची १५ कोटींहून अधिक नावे नोंदलेली आहेत, रजिस्ट्रीचा, म्हणजे या नावांची मूळ नोंद सांभाळणाऱ्या संस्थेचा, घाऊक दरच वर्षाला दहा डॉलरच्या वर गेला आहे, आणि त्यावर नोंदणीदाराचा नफा व कर चढून आपल्या हाती येणारा आकडा दर एक-दोन वर्षांनी वाढतोच आहे. जमिनीचा मालक एक पिढी थांबू शकतो. पट्टेदाराला तसे थांबता येत नाही.

हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. समजा, एखाद्याने २०० नावे जमविली आणि प्रत्येकाचा वार्षिक आकार सरासरी १,००० रुपये धरला, तर वर्षाकाठी दोन लाख रुपये केवळ कब्जा टिकविण्यासाठी जातात. या धंद्यात मुरलेली माणसे सांगतात, की निवड चांगली असली तरी शंभरात एक, फार तर दोन नावे वर्षभरात विकली जातात. म्हणजे या गृहस्थांची दोन ते चार नावे विकली जाणार. आणि विक्रीच्या रकमेतून बाजारपेठेची दलाली वीस टक्के वजा केली, तर नुसता खर्च भरून निघण्यासाठीच प्रत्येक नावाला साठ हजारांपासून सव्वा लाखापर्यंत भाव यावा लागतो. नफ्याची गोष्ट त्यापुढची. शिवाय पहिल्या वर्षी दीड-दोनशे रुपयांत मिळालेले नाव दुसऱ्या वर्षी हजार-बाराशे मागते, हे नवख्यांच्या ध्यानात पहिली नूतनीकरणाची सूचना येईपर्यंत येत नाही. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी आपली वही मला दाखविली होती. डाव्या रकान्यात नाव, त्यापुढे मुदत संपण्याची तारीख, त्यापुढे पेन्सिलीने लिहिलेली अपेक्षित किंमत आणि शेवटी ‘चौकशी’ असा रकाना. पेन्सिलीचे आकडे दर वर्षी खोडून वाढविलेले होते. चौकशीचा रकाना पानामागून पाने कोरा होता. ज्या नावाबद्दल तीन वर्षांत एकही खरी विचारणा आली नाही, त्याची किंमत आपण मनाशी कितीही वाढविली तरी बाजाराने आपला निकाल देऊन टाकलेला असतो, हे त्या पानांवरून जितके स्पष्ट दिसले तितके कोणत्याही ग्रंथावरून दिसले नसते.

मग नावे विकून लोक श्रीमंत झाल्याच्या कथा खोट्या काय? त्या खऱ्या आहेत. परंतु त्यांतील प्रत्येक रक्कम कशाबद्दल दिली गेली, हे पाहिल्याशिवाय त्यांचा बोध चुकीचा होतो. या दृष्टीने ‘बिझनेस डॉट कॉम’ या नावाचा इतिहास मला सर्वांत उद्बोधक वाटतो. १९९७ साली एका अमेरिकन व्यापाऱ्याने ते दीड लाख डॉलरना घेतले, तेव्हाच लोकांना ती रक्कम अवाच्या सवा वाटली होती. १९९९ मध्ये, इंटरनेटच्या तेजीच्या ऐन भरात, ते ७५ लाख डॉलरना विकले गेले. दोन वर्षांत पन्नासपट. पुढे २००७ मध्ये आर. एच. डॉनेली या दूरध्वनी-निर्देशिका छापणाऱ्या कंपनीने तेच सुमारे साडेचौतीस कोटी डॉलरना विकत घेतले. हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले, की धरून ठेवणाऱ्याचे भले होते असा समज सहज होतो. पण पहिल्या दोन व्यवहारांत विकले गेले ते निव्वळ नाव, आणि तिसऱ्यात विकला गेला तो आठ वर्षे खपून उभा केलेला, व्यापाऱ्यांची निर्देशिका व त्यांच्या जाहिराती यांवर चालणारा एक सबंध व्यवसाय. मधल्या काळात बाजार कोसळला होता, कंपनीला माणसे कमी करावी लागली होती, आणि उत्पन्नाची रीतच नव्याने शोधावी लागली होती. १९९९ साली ज्याने ते नाव विकले, त्याने नंतरचे कोट्यवधी डॉलर गमावले असे मी म्हणणार नाही. ते त्याने कधी मिळविण्यासारखेच नव्हते, कारण ती आठ वर्षांची मेहनत दुसऱ्याची होती. आणि ज्या कंपनीने २००७ मध्ये शेवटची मोठी किंमत मोजली, तिने २००९ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला, हेही त्याच इतिहासाचे पान आहे.

केवळ नाव भव्य असले म्हणजे त्याखालचे काम आपोआप उभे राहते, ही दुसरी समजूतही तितकीच घातक. २०१९ मध्ये ‘व्हॉइस डॉट कॉम’ हे नाव ब्लॉक डॉट वन या कंपनीने ३ कोटी डॉलर रोख देऊन घेतले; त्यावर उभारलेले समाजमाध्यम मात्र फार काळ टिकले नाही. याउलट आपल्याकडील ‘नोकरी डॉट कॉम’ पाहा. १९९७ साली संजीव बिखचंदानी यांनी ते सुरू केले, तेव्हा भारतात इंटरनेट असलेली घरे बोटांवर मोजण्याइतकी होती. नाव उत्तम होते, घराघरांत बोलले जाणारे होते, यात शंका नाही. पण वर्तमानपत्रांत छापून आलेल्या नोकरीच्या जाहिराती गोळा करून त्या एकत्र मांडण्याचे कंटाळवाणे काम त्या मंडळींनी चिकाटीने केले, म्हणून त्या नावाला प्रतिष्ठा आली, आणि २००६ मध्ये त्यांची कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. नोकरी शोधणाऱ्यांना जाहिराती एका जागी सापडत नाहीत ही अडचण त्यांना आधी दिसली होती. यावरून मी जी एकच कसोटी मानतो ती अशी: हे नाव माझ्या हाती नसते, तरी हा उद्योग मी केला असता काय? उत्तर निःसंदिग्ध होकारार्थी असेल तर नाव विकू नये, मग कोणी कितीही आग्रह करो. उत्तर अडखळत येत असेल, तर त्यावर वेबसाइट बांधण्याच्या भानगडीत पडू नये. नाव विकावे, आणि विकले जात नसेल तर सोडून द्यावे.

ही कसोटी कठोर वाटेल, पण ‘थोडेसे बांधून ठेवण्या’चा जो मध्यम मार्ग पुष्कळांनी अवलंबिला, त्याचा अनुभव तिच्या बाजूने आहे. एके काळी रिकाम्या डोमेनवर जाहिरातींचे पान टांगून ठेवले, की चुकून आलेला वाटसरू एखाद्या जाहिरातीवर बोट ठेवी आणि धन्याला चार पैसे मिळत. त्याहून चतुर लोकांनी प्रत्येक नावावर पाच-दहा पानांची वेबसाइट बांधली. शोधाचा शब्द आणि डोमेनचे नाव एकच असल्याने गूगलमध्ये ती वर दिसे. २०११ मध्ये गूगलने उथळ मजकुराची पाने मागे ढकलणारा बदल केला, आणि २०१२ च्या सप्टेंबरात केवळ नावाच्या जोरावर वर येणाऱ्या दुय्यम दर्जाच्या वेबसाइटांचे ते वर येणेही थांबविले. आता तर शोधयंत्रेच प्रश्नाचे तयार उत्तर पानाच्या माथ्यावर देऊ लागल्याने, ‘अमुक फळाचे गुणधर्म’ किंवा ‘तमुक गावी कसे जावे’ असली माहिती उतरवून जाहिरातींवर जगू पाहणाऱ्या वेबसाइटला भवितव्य उरलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. जिथे ग्राहकाला काही मागवायचे आहे, जागा आरक्षित करायची आहे, दिलेल्या शब्दाची खात्री करून घ्यायची आहे, तिथेच वेबसाइट बांधण्यात अर्थ आहे. आणि तसल्या कामाला पूर्ण वेळचा मनुष्य लागतो. २०० नावे विकायला ठेवता येतील, पण एक मनुष्य नांदत्या करू शकेल अशा वेबसाइट एक, फार तर दोन.

कोकणातील हापूस आंब्याशी निगडित असे एखादे सोपे नाव आपल्या हाती आहे, अशी कल्पना करू. नाव मोहक आहे, हंगामात हजारो माणसे त्या शब्दाचा शोध घेतात, आणि पुण्यातील सदनिकेत बसून त्यावर वेबसाइट बांधावी असे कोणालाही वाटेल. आता बांधायचे म्हणजे काय, ते पाहू. पेटी कोणत्या बागायतदाराची, काढणी कोणत्या दिवशी झाली, फळ आढीत किती दिवस होते, ते कच्चे पाठवायचे की खाण्याजोगे, पेटी चार डझनांची की सहाची, फळाचे वजन किती, लाकडी पेटी की पुठ्ठ्याचा खोका, वाहतूकवाला ती पुण्यास दुसऱ्या दिवशी पोचवील की चौथ्या, या सर्वांची उत्तरे गिऱ्हाईक विचारण्यापूर्वी तयार असावी लागतात. फळ कापल्यावर आत साका निघाला, तर पैसे परत की फळ बदलून, हे आधीच लिहून ठेवावे लागते, आणि लिहिले तसे वागावे लागते. कारण बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या फळात साका आहे की नाही, हे बागायतदारालाही खात्रीने सांगता येत नाही. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळालेले असल्याने, दुसरीकडचे फळ त्या नावाखाली विकण्याची सोयही राहिलेली नाही, आणि राहू नयेच. हंगाम मार्चपासून मेअखेरीपर्यंतचा. पहिला पाऊस पडला की दुकान बंद. ज्याचे बागेशी नाते नाही, ज्याला फोनवर पाडाचे फळ आणि कच्चे फळ यांतला फरक सांगता येत नाही, त्याच्या हातून हे होणार नाही. परंतु देवगडातील ज्या बागायतदाराची मुलगी शिकून घरी परतली आहे, आणि दलालाच्या पट्टीवर अवलंबून राहण्याऐवजी वडिलांचा माल थेट ग्राहकाला पोचवू पाहते आहे, तिच्या हाती हेच नाव पहिल्या हंगामापासून कामाला लागेल. अशा नावाची विक्री हा मी हीन धंदा मानत नाही. योग्य वस्तू योग्य हाती पोचविण्याचा तो सरळ व्यापार आहे. अट एवढीच, की तिला झेपेल अशी किंमत सांगावी.

आपले लोक चुकतात ते इथे. अमेरिकेतील विक्रीचे आकडे वाचून मराठी शब्दाचीही तशीच किंमत येईल, अशी अपेक्षा ते धरतात. इंग्रजी शब्दाचे लेखन ठरलेले असते. मराठी शब्द रोमन लिपीत लिहिताना मात्र प्रत्येक जण आपापल्या कानाने लिहितो. ‘पोळी’तला ळ एल या अक्षराने लिहिणारे आहेत, तसे डबल एल लिहिणारेही आहेत, ‘आमरस’ला आरंभी एक ए लावावा की दोन, याबद्दल एकमत नाही, ‘वाडा’ लिहिताना व्ही घ्यावा की डब्ल्यू, यावरून एका घरातही दोन तट पडतात. ऐकलेले नाव जसेच्या तसे टंकता येत नसेल, तर त्याचे निम्मे मोल तिथेच संपते, आणि चार वेगवेगळी लेखने नोंदवायची तर पट्ट्याचा खर्च चौपट होतो. शिवाय या नावांची गिऱ्हाइके म्हणजे छोटे उद्योजक, गृहोद्योग, संस्था. ते देतील ते हजारांत, फार तर लाखात. २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेल्या डॉट भारत या देवनागरी नावांनी लेखनाची अडचण दूर केली, मराठीसह आठ भाषांना आपल्या लिपीत पत्ता मिळाला, ही मला मनापासून आनंदाची गोष्ट वाटते. तथापि असे पत्ते सर्वत्र, विशेषतः ई-मेलमध्ये, अजून सुरळीत चालत नाहीत, आणि त्यांना पुनर्विक्रीची बाजारपेठ जवळजवळ नाहीच. ती नावे घ्यावीत ती स्वतः वापरण्यासाठीच. मराठीत वेबसाइट टिकल्या आहेत त्या अशाच निष्ठेने चालविलेल्या. १९९६ पासून परदेशस्थ मराठी माणसांच्या खटपटीतून उभी राहिलेली ‘मायबोली’ हे त्याचे ठळक उदाहरण. तिथे नाव सुंदर आहेच, पण इतकी वर्षे माणसे परत परत तिथे जातात ती तिथे लिहिल्या-बोलल्या जाणाऱ्या मराठीसाठी.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. दुसऱ्याच्या व्यवसायाचे नाव, किंवा त्यात एखादे अक्षर बदलून केलेले नाव, नोंदवून त्याच्याकडून पैसे मागणे हा पुनर्विक्रीचा धंदा नव्हे. ‘रेडिफ’ हे नाव रुळले असताना एका अक्षराच्या फरकाने ‘रॅडिफ’ नोंदविणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्येच मनाई केली, आणि डोमेन हा नुसता पत्ता नसून त्यात व्यवसायाची पत साठलेली असते, हे मान्य केले. २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. डॉट इनच्या नावांसाठी तंटे सोडविण्याची स्वतंत्र लवादपद्धतीही आहे, आणि तिथे वाईट हेतू सिद्ध झाला तर नाव मोबदल्याशिवाय जाते. दोन कंपन्या एक होणार अशी बातमी वाचून त्यांची जोडनावे रातोरात नोंदविणारे तरुण हुशार असतात हे मी नाकारत नाही, परंतु ती हुशारी त्यांनी अधिक सरळ कामी लावावी असे मला कळकळीने वाटते.

तेव्हा ज्यांच्याकडे असा संग्रह आहे, त्यांनी येत्या नूतनीकरणापूर्वी एक संध्याकाळ काढून प्रत्येक नावासमोर निर्णय लिहावा. स्वतः करायचे असलेले काम ज्या नावाशी जुळते ते एक बाजूला काढावे आणि त्याची मुदत एकदम पाच-सात वर्षांसाठी वाढवून घ्यावी. जी नावे दुसऱ्याच्या कामाची आहेत, त्यांवर ‘संपर्क साधा’ एवढेच न लिहिता रुपयांत स्पष्ट किंमत लिहावी. कारण लहान उद्योजक किंमत विचारायलाच बिचकतो, आणि घासाघीस करण्यापेक्षा दुसरे नाव शोधतो. उरलेली नावे मुदतीअंती बिनदिक्कत सोडावीत. किंमत एकरकमी देणे ज्याला शक्य नाही, त्याला हप्त्यांनी देण्याची सोय आता मोठ्या बाजारपेठांतून उपलब्ध आहे: शेवटचा हप्ता फिटेपर्यंत नाव तटस्थ मध्यस्थाकडे राहते, वापर मात्र पहिल्या दिवसापासून घेणाऱ्याचा. आंब्याच्या नावाची अशी विक्री असेल तर मोठे हप्ते जूनमध्ये, हंगामाची वसुली हाती आल्यावर ठरवावेत. मधल्या काळात नूतनीकरणाचा आकार कोणी भरायचा आणि एखादा हप्ता थकल्यास किती दिवसांची सवलत द्यायची, ही दोन कलमे करारात आधीच लिहून घ्यावीत.